त्या पालीचं काय झालं

सातारा, ९ एप्रिल

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आजीनं झाडू मारला, पाल पळाली आणि शेपूट एकटंच ओट्याखाली वळवळत राहिलं. त्या रात्री तू जेवली नाहीस, असं आईनं फोनवर सांगितलं. म्हणून आधी तेच. ती पाल मेलेली नाही गं. शेपूट तिनं स्वतःच टाकून दिलं. पालीच्या शेपटीतल्या मणक्यांना मध्येच एक कच्ची रेघ असते, चॉकलेटच्या वडीवर असते तशी. आता आपण सापडलो असं वाटलं की पाल तिथले स्नायू आवळते आणि शेपूट त्या रेघेवर सुटतं. रक्तवाहिन्याही लगेच मिटतात, म्हणून तुला फरशीवर रक्त दिसलं नाही. सुटलेलं शेपूट काही मिनिटं उड्या मारत राहतं. मांजर त्याच्याकडे बघत बसतं, तोवर पाल फडताळामागे.

पण यात तिचं नुकसानही होतं. शेपटीत ती चरबी साठवते, किडे मिळाले नाहीत तर पुरवून खायला. ती शिदोरीच गेली. दोन-तीन महिन्यांत नवं शेपूट येईल, पण त्यात हाडाचे मणके नसतील, नुसती कूर्चा असेल, आपल्या कानाच्या वरच्या भागात हाताला लागते तशी मऊ. रंगही जरा वेगळा दिसेल.

भिंतीवरून ती पडत का नाही, हे मीही तुझ्याएवढा असताना विचारायचो. तिच्या पायाला गोंद असतो, असं मला सांगितलं होतं. ते खरं नाही. रात्री खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल बसली की तू आतून तिचे तळवे बघ. बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतील. त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात आणि प्रत्येक केसाच्या टोकाला आणखी शेकडो फाटे. ते भिंतीच्या इतके जवळ टेकतात की दोन्हींचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. एकेका फाट्याची ओढ अगदी नगण्य, पण सगळ्यांची मिळून पाल छताला उलटी चालते. टेफलॉनवर मात्र ही ओढ फार कमी पडते. नॉनस्टिक तव्याच्या आत तोच थर असतो.

तशीच काचेवर असताना तिचं पोटही बघ. दोन पांढरे गोल दिसले तर ती अंडी.

ती डोळे मिटत नाही, हे तू बरोबर टिपलंस! तिला पापण्याच नाहीत. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो, तो ती जिभेनं चाटून स्वच्छ करते.

आता विषाचं. पाल विषारी असते, असं आजी म्हणते ना? आपल्या घरातल्या पालीला विष नसतं. पण तिच्या अंगावर आणि लेंडीत पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, म्हणून आमटीत पाल पडली तर आमटी टाकायची आणि भांडं साबणानं घासायचं. तेवढ्यापुरतं आजीचं बरोबर आहे. पाल अंगावर पडली म्हणून ती आंघोळ करते, तर करू दे. तिच्या आईनं तिला तसंच शिकवलंय. तू फक्त तिला सांग की पाल डास आणि झुरळाची पिल्लं खाते, तिला झाडू मारू नकोस.

मे महिन्यात इथे आलीस की आपण चाळकेवाडीच्या पठारावर जाऊ. तिथे पवनचक्क्यांखाली दगडावर सरडे बसतात आणि नर गळ्याखालचा पंखा उघडून मादीला दाखवतो. निळा, काळा, केशरी. मला तर मोरापेक्षाही तो आवडतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांच्या गटाला शास्त्रीय नाव दिलं, तेही आपल्या मराठीतलं, ‘सरडा’. जगभरचे अभ्यासक आता हाच शब्द लिहितात. हे वाचलं त्या दिवशी मी कचेरीत सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

तोवर एक काम कर. ट्यूबलाइटपाशी आखूड शेपटीची पाल आली की वहीत तारीख घाल आणि तिचं चित्र काढ. दर रविवारी एक. शेपूट किती वाढलं ते मला बघायचंय.

आजीला नमस्कार सांग.

तुझा,
बाबा