बाळाचा डोस म्हणजे मोठ्यांची पाव गोळी नव्हे

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री

महोदय,
सादर नमस्कार.

मी फार्मासिस्ट आहे. मुलांच्या वॉर्डाला औषधे पुरवण्याचे काम करते. खाटा, डॉक्टर, यंत्रे यांच्या मागण्या आपल्याकडे सतत येत असणार, आणि त्या रास्तच आहेत. माझे मागणे मात्र एकच आहे. मुलांना मुलांच्या मापाचे औषध मिळू द्या.

आजही कित्येक औषधे फक्त मोठ्यांच्या गोळीच्या रूपात येतात. फिट्सवरच्या किंवा हृदयाच्या गोळीचे आम्ही चार तुकडे करतो, खलात कुटतो, पुड्या बांधतो. सगळ्या पुड्यांत सारखेच औषध गेले असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही. काही गोळ्या तर कुटायच्याच नसतात. बारा तासांत हळूहळू सुटावे म्हणून बनवलेले औषध कुटले की एकदम अंगात उतरते. हे आम्हाला ठाऊक असते. पण समोर तापाने फणफणलेले मूल असते आणि कपाटात दुसरे काही नसते.

वजनाच्या प्रमाणात डोस कमी केला की झाले, असे अनेकांना वाटते. तेवढ्याने भागत नाही. नवजात बाळाच्या शरीराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, त्यामुळे औषध मोठ्यांपेक्षा वेगळ्या प्रकारे पसरते. मूत्रपिंडे पूर्ण क्षमतेने काम करू लागायला बरेच महिने जातात, यकृतही कच्चे असते. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने हे फार क्रूरपणे शिकवले. अकाली जन्मलेल्या बाळांना ते संसर्ग टाळण्यासाठी दिले जाई. बाळांच्या यकृताला त्याचा निचरा करता येईना, ते रक्तात साठत गेले, बाळे राखाडी पडली आणि दगावली. १९५९ मध्ये या मृत्यूंचा आणि औषधाचा संबंध उघड झाला. म्हणून मोठ्यांवर तपासलेले औषध मुलांनाही चालेल असे गृहीत धरणे मला मान्य नाही.

आता साध्या पॅरासिटामॉलकडे पाहा. एका वेळचा डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. म्हणजे तीन किलोच्या बाळाला ३० ते ४५ मिलिग्रॅम. ड्रॉप्सच्या एका बाटलीत दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असते, तर सिरपच्या दुसऱ्या बाटलीत २५. औषधाचे नाव तेच, गोड वासही तोच, तीव्रता चौपट! रात्री दोन वाजता रडणारे बाळ कडेवर घेतलेल्या आईने सिरपचे माप ड्रॉप्सच्या बाटलीतून घेतले, तर दोष आईला द्यायचा का? त्यात घरातला चमचा. एकाचा चमचा दुसऱ्याच्या चमच्याएवढा नसतो. प्रत्येक बाटलीसोबत मिलिलिटरच्या खुणा असलेली तोंडाने पाजायची सिरिंज आली, तर यातल्या बऱ्याच चुका घडणारच नाहीत.

विषारी सिरपबद्दल लिहिताना हात जड होतो. १९३७ मध्ये अमेरिकेत डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रावकात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभराहून अधिक जीव घेतले, त्यांत अनेक मुले होती. पुढच्याच वर्षी तिथे औषधांचा नवा कायदा आला. आणि तरीही २०२२ मध्ये गांबियात साठहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन गेली, तेव्हा सिरपच्या तपासणीत हेच रसायन सापडले. मधल्या काळात ते ओळखण्याच्या चाचण्या आल्या होत्या. प्राथमिक छाननीसाठी थिन लेअर क्रोमॅटोग्राफीसारखी, म्हणजे पातळ थरावर घटक वेगळे करून ओळखण्याची, स्वस्त पद्धतही आहे. सिरपमध्ये वापरल्या जाणाऱ्या आणि याच विषाची भेसळ होऊ शकणाऱ्या ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलची प्रत्येक खेप वापरण्याआधी आणि सिरपची प्रत्येक बॅच विक्रीआधी तपासली गेलीच पाहिजे. या बाबतीत मी कसलीही सवलत मान्य करणार नाही, आपणही करू नये.

हे जमण्यासारखे आहे. जुलाबात ओआरएससोबत झिंक द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ मध्ये केली: सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०, असे दहा ते चौदा दिवस. त्यासाठी चमचाभर पाण्यात विरघळणारी गोळी तयार झाली. न्यूमोनियासाठी अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविकही तशाच गोळीत मिळते. तिला फ्रिज लागत नाही आणि ती सिरपच्या बाटलीसारखी वाटेत फुटत नाही. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मुलांच्या अत्यावश्यक औषधांची पहिली स्वतंत्र यादीही काढली. यादी आहे, तंत्र आहे. अडते ते खरेदीपाशी, कारण मुलांच्या औषधाचा खप कमी आणि नफा थोडा. तिथे सरकारनेच मोठी, खात्रीची मागणी नोंदवायला हवी.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या औषधखरेदीच्या निविदेत पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांना पहिली पसंती असावी, तापाच्या पातळ औषधाची एकच तीव्रता ठरवावी आणि सिरिंजशिवाय बाटली स्वीकारू नये. मुलाचे वजन किलोमध्ये लिहिल्याशिवाय कोणतीही चिठ्ठी पुरी मानू नये, असा आदेशही काढावा. आणि खरेदी समितीवर मुलांच्या वॉर्डातली एक परिचारिका जरूर घ्यावी. कोणते औषध मूल थुंकून टाकते आणि कोणत्या बाटलीच्या खुणा रात्रीच्या उजेडात दिसत नाहीत, हे ती समितीला पहिल्याच बैठकीत सांगेल.

आपली नम्र,
मुलांच्या वॉर्डातील एक फार्मासिस्ट