केळघरच्या मावशींना, ज्योत घेऊन पळणाऱ्या पोरींकडून

मावशी, नमस्कार.

तुम्ही त्या रात्री म्हणालात, आभार कसले मानताय, ज्योत आमच्या दारावरनं चाललीय हेच लई झालं. त्यामुळं तेव्हा तोंडावर काही बोलता आलं नाही. पण शिवजयंतीची ज्योत गावात पोचली, मिरवणूक झाली, मांडव उतरला, पाय दुखायचे थांबले, तरी आम्ही पोरी एकत्र आलो की विषय तुमच्यावरच येतो, म्हणून हे जाहीर पत्र लिहितेय. तुमचं नाव घालत नाही कारण तुम्हीच नको म्हणालात. पण हे चार लोकांनी वाचावं असं मनापासून वाटतं, खास करून दरवर्षी ज्योत आणणाऱ्या मंडळाच्या पोरांनी, कारण तुम्ही आमच्यासाठी जे केलं ते आमच्या प्लॅनिंगमध्ये कुणाच्याच डोक्यात आलेलं नव्हतं.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, भिलवडीच्या बाजूला, कृष्णाकाठी. शिवजयंतीच्या आदल्या दिवशी, म्हणजे 18 फेब्रुवारीला संध्याकाळी प्रतापगडावर भवानीआईची आरती करून ज्योत पेटवायची आणि पळत निघायचं. आधी आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, मग केळघर घाट उतरून मेढा, सातारा, तिथनं हायवेनं उंब्रज, कराड, पेठ नाका, आणि आष्ट्यावरनं आमचं गाव, सगळं मिळून जवळजवळ दोनशे किलोमीटर, आणि 19 तारखेच्या मिरवणुकीच्या आत पोचायचं. मागं पिकअप, पुढं-मागं दोन-तीन गाड्या. दोन-अडीच किलोमीटर झाले की पुढचा गडी उतरतो, पळता पळताच मशाल हातात घेतो आणि आधीचा गाडीत चढतो. ज्योत विझू द्यायची नाही, जमिनीला टेकवायची नाही. पिकअपमध्ये एक कंदील त्याच ज्योतीवर पेटवून ठेवलेला असतो, वाऱ्यानं मशाल गेलीच तर त्याच्यावरनं परत लावायची. गावोगाव लोक ताट घेऊन उभे असतात, तिथं आरतीपुरतं थांबायचं आणि परत सुटायचं.

आमच्या मंडळात आजवर पोरंच पळत आली. यंदा पहिल्यांदा आम्ही पोरी होतो. बहुतेक जणी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या, म्हणजे रोज पहाटे 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. दम होता, पायात जोर होता, आणि आम्ही घाट मागून घेतला होता. पोरांनी आंबेनळीचा चढ घ्यायचा, आम्ही केळघर उतरायचा असं ठरलं. चढ मारताना आमची पोरं खरंच भारी पळाली, खाली सगळं जावळीचं रान, चिटपाखरू नाही, 1656 ला महाराजांनी जावळी घेतली आणि प्रतापगड बांधून घेतला हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण त्या अंधारात गाडीच्या उजेडापलीकडं काही म्हणजे काही दिसत नाही तेव्हा 1659 ला खानाच्या फौजेची इथं काय गत झाली असेल ते अंगावर येतं.

महाबळेश्वर सोडलं आणि आमचा नंबर लागला. थंडी अशी की गाडीत बसलं की दात वाजायचे आणि पळायला लागलं की घाम. उतार पळणं सोपं असं बघणाऱ्याला वाटतं, पण उतारावर प्रत्येक पावलाला मांडीनं शरीराला ब्रेक लावायचा असतो, पाऊल लांब टाकलं की टाच आपटते आणि तो दणका गुडघ्यात जातो, म्हणून पावलं आखूड आणि पटापट टाकायची, अंग मागं रेलू द्यायचं नाही. आम्ही गावाकडं कॅनॉलच्या उतारावर ह्याची प्रॅक्टिस केली होती. नव्हती केली ती हातात पेटती मशाल धरून पळायची. चढाला ज्योत मागं झुकते, उताराला वारा समोरनं येतो आणि मशालीचं तेल दांड्यावरनं ओघळत सरळ मनगटावर. गरम तेल. पहिला थेंब पडला तेव्हा मी हात बदलला, मग दुसऱ्या हातावर, पण टप्पा पूर्ण होईपर्यंत मशाल सोडली नाही आणि शेजारी माझी मावसबहीण पळत होती तिला पण सांगितलं नाही. घाटातच आमच्यातल्या एकीला पाळी आली. तिनं मला कानात सांगितलं, मी दुसरीला, आणि पुढं सांगायचं कुणाला? पिकअपमध्ये सगळी पोरं. चांगली पोरं आहेत, भावासारखी, पण त्यांना लघवी लागली की ती गाडी थांबवून झाडाआड जातात आणि आम्ही महाबळेश्वरपासून पाणी प्यायचंच बंद केलं होतं. ह्यात माझ्या मते सगळ्यात वाईट हे होतं, कारण पळताना पाणी तोडलं की गोळे येऊ शकतात हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि तरी आम्ही ते करत होतो.

तर अशा अवस्थेत आम्ही रात्री बाराच्या पुढं केळघरात उतरलो आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला ताट घेऊन उभ्या होता, डोक्यावर पदर, पायात स्लिपर, अंगावर काकांचा स्वेटर. आमच्या आधी दोन-तीन गावच्या ज्योती गेल्या म्हणालात, म्हणजे किती वेळ उभ्या असाल. ज्योतीला ओवाळलं, मला कुंकू लावलं आणि कुंकू लावतानाच तुमची नजर माझ्या मनगटावर गेली. तुम्ही विचारलं नाही की काय झालं. ताट लेकीच्या हातात दिलं, आत गेलात, जुन्या लुगड्याची पट्टी फाडून आणलीत, पाण्यात बुडवून पिळली आणि मशालीच्या डब्याच्या खाली चांगली वीतभर अंतर सोडून दांड्याला गोल गोल गुंडाळली, एकावर एक, जाड कडं होईल अशी. "आता तेल हितंच मुरंल. सुकली की परत भिजवायची. आणि सरळ उभी धरू नका, जरा म्होरं कलती धरा." एवढंच. इतक्या वर्षांत मंडळातल्या कुणाला सुचलं नाही मावशी. ती पट्टी गावापर्यंत होती, प्रत्येक टप्प्याला पोरं बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतायची आणि त्यानंतर एकाच्याही हातावर तेल आलं नाही.

मग तुम्ही पोरांना म्हणालात, तुम्ही ज्योत घेऊन निघा, ह्या पोरी मागनं येतील. आमचा अध्यक्ष जरा घुटमळला, रात्रीची वेळ, पोरींची जबाबदारी त्याच्यावर, त्याचं पण बरोबरच होतं. तेव्हा काका बाहेर आले आणि म्हणाले की माझा दुधाचा छोटा हत्ती टेम्पो आहे, मेढ्याच्या अलीकडं तुम्हाला गाठून देतो. पिकअप निघून गेली आणि तुम्ही दार लावून घेतलंत, आणि मावशी, तेव्हा आमच्यातली एक नुसती खाली बसली आणि रडायलाच लागली. दुखत होतं म्हणून नव्हे. एवढे तास जे आवरून धरलं होतं ते सुटलं.

आमच्या मंडळातल्या एका पोराला माझ्या हातावर टूथपेस्ट लावायची होती, तो पेस्ट मागं ठेवून गेला होता, ती तुम्ही बाजूला सारली आणि मला मोरीत नळाखाली बसवलं, "पेस्ट न्हाई, तेल न्हाई, हळद न्हाई, नुसतं पाणी सोड, चांगलं पंधरा-वीस मिनिटं." मी एवढ्या वेळ हात धरून बसले म्हणून आज नुसता तांबूस डाग आहे, फोड आला नाही. आमच्याकडच्या डॉक्टरांनी पण हेच सांगितलं, भाजल्यावर आधी साधं वाहतं पाणी. तेवढ्यात तुम्ही बंब पेटवलात, एकेकीला बाथरूम दाखवलं, लेकीच्या कपाटातलं पॅडचं अख्खं पाकीट आमच्या हातात दिलंत, नवीन टॉवेल काढलात, आणि बाहेर आलो तर चुलीपुढं बसवून गूळ घातलेला चहा आणि कालच्या भाकरीचा कुस्करा. प्रत्येकीला तांब्याभर पाणी प्यायला लावलंत, समोर उभं राहून. आम्ही कुठल्या जातीच्या, कुणाच्या पोरी, घरचे सोडतात कसे रात्रीचे, यातलं एक अक्षर नाही. मला हे फार मोठं वाटतं. आमच्या गावात निघायच्या आधी हे सगळं विचारून झालं होतं.

आणि तुमची धाकटी. आठवीतली ना? चहा होईपर्यंत तिनं आम्हाला भिंतीवर चिकटवलेला पेपरातला फोटो दाखवला, ललिता बाबर यांचा. तुमच्याच सातारा जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या, 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीची, फायनल पळाल्या. तिला अडथळा किती उंच असतो ते पण पाठ होतं. मला म्हणाली, तुम्ही पण अनवाणी पळता का? मी म्हटलं नाही गं, शूज आहेत, तर तिनं हात लावून बघितले, तळ दाबून बघितला, आत बोट घालून बघितलं. ती शाळेच्या स्पर्धेत अनवाणी पळते आणि पहिली येते हे तुम्ही सांगितलंत, तिनं नाही.

काकांनी खरंच मेढ्याच्या अलीकडं गाठून दिलं. त्यानंतर आम्ही पाणी पीत पळालो. वेण्णेच्या कडेकडेनं, कण्हेर धरण ओलांडून साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या मागनं उजाडत होतं. कराडात प्रीतिसंगमावर पोरांनी आंघोळी केल्या, गोळेश्वरच्या फाट्यावर खाशाबा जाधवांच्या नावानं घोषणा झाली, 1952 चं हेलसिंकी ऑलिंपिकमधलं त्यांचं कुस्तीचं पदक आमच्या तालमीतल्या पोरांना देवाच्या जागी आहे. हायवेचं ऊन आणि ट्रक ह्याबद्दल काही लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. शेवटचा टप्पा वेशीपासून देवळापर्यंत, तो आम्हा पोरींना दिला. जिला पाळी आली होती तिच्याच हातात मशाल होती, आणि ते तिनंच मागून घेतलं होतं.

गावात आल्यावर मंडळाची बैठक झाली. तिथं मी तुमच्याबद्दल सगळं सांगितलं, पाळीचं पण, उभं राहून, मोठ्या माणसांसमोर. कुणी हसलं नाही. पुढच्या वर्षी वाटेवरच्या ओळखीच्या घरांशी, पेट्रोल पंपांशी आधी बोलून पोरींसाठी थांबायच्या जागा ठरवायच्या, गाडीत पॅड, साधं पाणी आणि ओआरएस ठेवायचं, आणि मशालीला ओली पट्टी बांधूनच प्रतापगडावरनं निघायचं, असं ठरलं. पोरं त्या पट्टीला आता केळघरी पट्टी म्हणतात. दुसऱ्या मंडळांनी पण हे करावं, नक्की करावं.

तुमच्याकडचं पाणी वेण्णेतनं माहुलीला कृष्णेत येतं आणि तेच पुढं आमच्या घाटाला लागतं, हे आमच्या आजीला सांगितल्यावर ती म्हणाली, मग ती माहेरचीच माणसं की. तिनं तुमच्यासाठी चोळीचा खण काढून ठेवलाय. आमच्याकडची हळद आणि बेदाणे पण आहेत. मी आणि मावसबहीण रविवारी एसटीनं येतोय, काकांना सांगून ठेवा, आणि जेवणाचं काही करू नका, आम्ही भाकरी बांधून आणणार आहोत.

एक काम करा फक्त. धाकटीला वहीच्या कागदावर उभं करून दोन्ही पायांभोवती पेन्सिल फिरवा आणि त्याचा फोटो काकांच्या मोबाईलवरनं मला पाठवा. पाय संध्याकाळी मोजा, तेव्हा थोडा फुगलेला असतो, आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा धरून आम्ही नंबर ठरवतो. शूज आम्ही सगळ्यांनी मिळून घ्यायचे ठरवलेत, सांगलीच्या दुकानात बघून ठेवलेत. रंग तिला विचारा.

तुमची,
डाव्या मनगटावर डाग असलेली पोरगी, आणि आम्ही सगळ्याजणी