ग्राइंडरचे चाक बदलताना आपल्या माणसाने न केलेल्या तपासणीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: बेंच ग्राइंडरचे चाक बसवल्यावर फुटून झालेला अपघात

महोदय,

बेळगावच्या उद्यमबागेत माझे लहान मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे टर्निंग आणि ड्रिलिंग आम्ही करून देतो. माझ्यासह सहा माणसे आहेत. मागच्या वर्षी आपले 200 मिलिमीटर चाकाचे बेंच ग्राइंडर, म्हणजे टेबलावर बसवायचे धार लावायचे मशीन, घेतले. मशीनबद्दल माझी तक्रार नाही. चाक बदलायला आपण माणूस ज्या रीतीने पाठवता, त्याबद्दल आहे.

डाव्या बाजूचे हिरवे चाक, म्हणजे कार्बाइडच्या टूलांना धार लावायचे, झिजले होते. आपल्या सेवा केंद्राला कळवले आणि गेल्या मंगळवारी दुपारी चारला माणूस आला. नवे चाक त्याने मोटरसायकलच्या कॅरिअरला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणले होते. खाली पुठ्ठा नाही, गोणपाट नाही. दोरीने घासून चाकावरचा कागद फाटला होता. ते चाक मिनिटाला जास्तीत जास्त किती फेऱ्यांवर चालवायचे, हा आकडा त्याच कागदावर असतो. तो आता कुणालाच वाचता येत नव्हता.

मी म्हटले, एकदा वाजवून तर बघा. तो म्हणाला, "काय होत नाही ओ, रोजचंच काम हाय."

महोदय, वाजवून बघणे म्हणजे काय ते इथल्या कुठल्याही बाईला विचारा. खानापूरचे मडके टिचकी मारल्याशिवाय कोणी पिशवीत घालत नाही. चाकाचेही तसेच. कोरडे चाक भोकातून बोटावर टांगायचे, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून दोन-चार सेंटीमीटर आत हलके ठोकायचे, थोडे फिरवून पुन्हा ठोकायचे. खणखणीत वाजले तर चांगले. बद्द वाजले तर आत चीर आहे, डोळ्यांना दिसो वा न दिसो. एका मिनिटाचे काम.

पुढचे सगळे माझ्या डोळ्यांसमोर झाले. डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे असतात, म्हणजे फिरताना नट सुटू नये. हे त्याच्या ध्यानात नव्हते. नेहमीच्या दिशेने पाना लावून त्यावर हातोडा मारत राहिला आणि नट आणखी आवळत गेला. शेवटी आमच्या लेथवाल्याने दिशा सांगितली. नवे चाक बसवताना दोन्ही अंगांचा जाड कागद त्याने कचरा समजून खरवडून काढला. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी चकतीचा, म्हणजे फ्लँजचा, दाब चाकावर सगळीकडे सारखा पडावा म्हणून तो कागद असतो. तो काढला की फ्लँज चाकाला एखाद्या ठिकाणीच चावते, आणि त्यावर नट पुन्हा हातोड्याने आवळला. मग म्हणाला, कव्हर नंतर लावतो, आधी फिरवून बघू.

बटन दाबायच्या आधी मी आमच्या हेल्परला दंडाला धरून बाजूला ओढले. हे मी शहाणपणा सांगायला लिहीत नाही. त्या वेळी भीती वाटली म्हणून ओढले. चाक पूर्ण वेगात आले आणि फुटले. एक तुकडा छताच्या पत्र्यातून गेला, एक हत्यारांच्या कपाटात घुसला, आणि एक आपल्याच माणसाच्या दंडाला लागला. चार टाके पडले. त्याच्या डोळ्यांवर चष्मासुद्धा नव्हता. आमचा हेल्पर आधी जिथे उभा होता तिथल्या भिंतीचा गिलावा उडाला आहे.

मिनिटाला 2,880 फेऱ्यांवर 200 मिलिमीटरच्या चाकाची कड सेकंदाला सुमारे 30 मीटर जाते. ताशी जवळजवळ 108 किलोमीटर. महामार्गावरच्या गाडीचा वेग.

टाके घालून घेताना तो माणूस मला म्हणाला की दिवसाला सहा ठिकाणे करायची असतात, चार झाली तर पगारात कापतात. मला त्याचा राग नाही. त्याला कामावरून काढू नका. औषधपाण्याचा खर्च द्या, आणि त्याला कोणी नीट शिकवा. चुकले आहे ते आधी. चाक पेटीत न पाठवणारा, चष्मा न देणारा, सहाचा हिशेब लावणारा तुमच्या कार्यालयात बसला आहे.

आणखी एक. मशीनबरोबर आलेले माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे. आमच्याकडे तिघे खानापूर भागातले, मराठी वाचणारे. दोघे गोकाककडचे, कन्नड वाचणारे. ग्राइंडरवर उभे राहणाऱ्यांपैकी एकालाही ते वाचता येत नाही. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 30 प्रमाणे ग्राइंडरजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची आणि शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, वेगाची पाटी कायमची लावावी लागत असे. सहा माणसांच्या शॉपला तो कायदा लागू होत नव्हता, पण चाक माणसे मोजून फुटत नाही. आमच्याकडेही पाटी नव्हती. ती माझी चूक. बुधवारी रंगाऱ्याकडून मराठी आणि कन्नडमध्ये लिहून घेतली. खाली हेही लिहिले आहे: नवे चाक वाजवून बघा, कव्हर लावा, एक मिनिट बाजूला उभे राहून रिकामे फिरवा, मगच टूल लावा. टूल रेस्ट (टूल टेकवायचा आधार) आणि चाकात 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका.

हे छापून प्रत्येक मशीनबरोबर द्यायला आपल्याला किती खर्च येईल?

नवे चाक, पत्रा आणि कपाटाची भरपाई, आणि आपला जाणकार माणूस येऊन स्पिंडल (चाकाचा दांडा) व फ्लँज तपासून लेखी देईपर्यंत मशीन बंद राहील त्याची जबाबदारी, इतके मला हवे आहे. मराठी आणि कन्नड माहितीपत्रक कधीपर्यंत देणार तेही कळवा. हे मशीन मी पोटापाण्यासाठी चालवतो. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

फुटलेल्या चाकाचे सगळे तुकडे, खरवडलेला कागद आणि तो नट मी एका खोक्यात घालून ठेवले आहेत. आपला माणूस येईल तेव्हा त्याला दाखवेन. त्यानंतर कोणीही हात लावलेला नाही.

आपला ग्राहक,
मशीन शॉप चालक, उद्यमबाग, बेळगाव

सोबत: बिलाची प्रत, दवाखान्याची पावती, भिंतीचे आणि पत्र्याचे फोटो