विषय: .375 रायफलीचे चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) वाइल्डकॅट काडतुसासाठी कोरून देताना झालेली चूक व दिलेला चुकीचा सल्ला

दि. 12 नोव्हेंबर
अँकरेज, अलास्का

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या इंग्रजी तक्रारीला आपलं चार ओळींचं छापील उत्तर आलं. त्यानंतर मी फोन केला, तेव्हा आपल्या विक्री विभागातले मूळचे साताऱ्याचे गृहस्थ म्हणाले, "काका, मला मराठीत सविस्तर लिहून पाठवा, मी मालकांना नीट समजावतो." म्हणून हे पत्र. एका परीने बरंच झालं. मार्च महिन्यात ज्या भाषेत मला भरवसा दिला गेला, त्याच भाषेत तो कसा मोडला ते सांगता येईल.

रायफल आपल्या नोंदवहीत असेलच. विंचेस्टर मॉडेल 70, 1964 च्या आधीची घडण, .375 एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम. 1964 मध्ये कारखान्याने ही रायफल स्वस्तात बनवायला घेतली आणि काडतुसाचं बूड धरून ठेवणारा तो मोठा पोलादी पंजा काढून टाकला. त्यामुळे त्याआधीच्या रायफली लोक शोधून शोधून घेतात, आणि .375 मधल्या तर हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच नजरेला पडतात. माझी मी निवृत्त होत असलेल्या एका सहकाऱ्याकडून घेतली. त्याने ती देताना पहिल्यांदा दस्ता पुसला आणि मग पैसे मोजले. पंधरा वर्षं ती माझ्याकडे आहे. दर सप्टेंबरला एक मूस (इथलं मोठं हरीण), म्हणजे घरातल्या फ्रीझरमध्ये वर्षभराचं मटण. बायको त्याचा गोडा मसाला घालून खिमा करते, आणि सुरुवातीला नाक मुरडणारे पुण्याचे पाहुणे दुसऱ्यांदा वाढून घेतात. हे सांगण्याचं कारण इतकंच, की ही रायफल काचेच्या कपाटातली नव्हती. ती वापरातली होती आणि तिचं काहीही बिघडलेलं नव्हतं.

मग मला ही दुर्बुद्धी का सुचली? हौस. शूटिंग रेंजवरची मंडळी सारखी म्हणत, की एच अँड एचची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) जुन्या पद्धतीची आहे, निमुळती, उतरत्या खांद्याची. तिच्यात जागा फुकट जाते. तिचं अंग सरळ करा, खांदा 40 अंशांचा करा, की जास्त दारू मावते आणि गोळी जास्त वेगाने जाते. पार्कर ओटो ॲक्ली यांनी अशी किती काडतुसं 'सुधारली' त्याला गणती नाही, आणि .375 ॲक्ली इम्प्रूव्ह्ड हे त्यातलंच. कुठल्याच कारखान्याच्या यादीत नसलेलं, म्हणून वाइल्डकॅट. नाव रानमांजराचं आहे तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये मी आपल्या गृहस्थांना फोनवर एकच प्रश्न विचारला होता: "ही रायफल ॲक्लीसाठी कोरून घ्यावी का?" त्यांनी उत्तर दिलं, "काका, आरामात होतं. पट्ट्याचं काडतूस आहे, हेडस्पेस पट्ट्यावर बसते, नळी काढायचीही गरज नाही. रीमर फिरवला की झालं. दुकानातली एच अँड एचची काडतुसं त्यातून बिनधास्त उडवा, ती आपोआप नव्या आकाराची होतात. 300 ग्रेनची गोळी 2800 फुटांनी जाईल." (पट्टा म्हणजे पुंगळीच्या बुडाजवळचं जाड कडं. हेडस्पेस म्हणजे बंद बोल्ट, अर्थात काडतूस आत ढकलणारा दांडा, आणि ते कडं टेकतं ती बैठक यांतली जागा. रीमर म्हणजे चेंबर कोरण्याचं हत्यार.) प्रश्न 'करावी का' असा होता आणि उत्तर 'करता येते' असं आलं. तेव्हा हा फरक माझ्या लक्षात आला नाही. आपल्या धंद्यात असणाऱ्याच्या तो लक्षात यायला हवा होता.

जूनमध्ये रायफल परत आली. कारखान्याच्या काडतुसांचे तीन खोके, म्हणजे 60 काडतुसं, मी केवळ पुंगळ्या फुगवण्यासाठी उडवली. वेगमापकावर त्यांचा वेग सरासरी 2470 फूट प्रति सेकंद. हीच काडतुसं जुन्या चेंबरमधून 2530 च्या आसपास जात असत. म्हणजे जास्त पैसे देऊन आधी 60 फूट गमावले. ठीक आहे, दारूची थोडी ताकद पितळ फुगवण्यात जाते, हे मला माहीत होतं. फुगलेल्या पुंगळ्या भरून, दाब कुठेही हाताबाहेर न जाऊ देता, मला 2640 पर्यंत पोचता आलं. त्यापुढे बोल्टची मूठ जड होऊ लागली, तेव्हा मी थांबलो. 2800 हा आकडा माझ्या रायफलीत तरी कुठे दिसला नाही. शंभरएक फुटांनी 200 यार्डांवर गोळीच्या उंचीत इंचाचाही फरक पडत नाही. खांद्याला मात्र तो फरक पहिल्या दहा गोळ्यांत कळला.

पण वेगाचं मी मनावर घेतलं नसतं. पुढचं ऐका.

सप्टेंबरमध्ये मी आणि माझा एक सोबती लेक हूडवरून फ्लोटप्लेनने कुस्कोक्विम नदीच्या खोऱ्यात उतरलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या वळणावर, जेमतेम 80 यार्डांवर, मोठा नर उभा. पहिली गोळी बरोबर लागली. पण मूस हा प्राणी गोळी लागल्याचं लगेच कबूल करत नाही, तो पाण्याकडे चालू लागला. पाण्यात पडला तर पाच-सहाशे किलोचं धूड बाहेर कसं काढणार, आणि इथला कायदा तर सांगतो की खाण्याजोगं मांस सगळं आणलंच पाहिजे. मी बोल्ट मागे घेतला, पुढे ढकलला, आणि तो अर्ध्यात अडकला. काडतूस तिरकं होऊन त्याचा तो टोकदार नवा खांदा चेंबरच्या काठाला टेकला होता. मागे घेतला, परत ढकलला, परत तेच. शेवटी माझ्या सोबत्याने त्याच्या जुन्या .30-06 मधून गोळी झाडली आणि मूस पाण्यापासून दोन पावलांवर बसला. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

चूक माझीही आहे, ती लपवत नाही. रेंजवर बाकावर बसून फुगलेली काडतुसं मी एकेक करून हाताने चेंबरमध्ये घातली होती. मॅगझिनमधून चढवून पाहिली होती ती फक्त कारखान्याची निमुळती काडतुसं, आणि ती नेहमीसारखी लोण्यासारखी आत गेली. एच अँड एचचा तो 'फुकट जाणारा' निमुळतेपणा 1912 पासून हेच काम करतोय: घाबरलेल्या माणसाच्या हातून, थंडीत, घाईत, काडतूस चेंबरमध्ये नीट सरकावं. या मॅगझिनच्या कडा त्याच आकारासाठी तासलेल्या आहेत. चेंबर बदललं तर त्या कडाही जुळवाव्या लागतात, हे काम करणाऱ्याला माहीत असतं. आपल्या कामाच्या पावतीवर त्याचा उल्लेख नाही, आणि रायफल परत देण्याआधी कुणी मॅगझिनमधून तीन काडतुसं चढवून पाहिली असतील असंही वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये घरी पुंगळ्या दुसऱ्यांदा भरल्या. रेंजवर चौथ्या गोळीला आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला आणि बोल्टच्या बाजूने धुराची बारीक रेघ निघाली. बोल्ट उघडला तर हातात पुंगळीचं फक्त बूड. पट्ट्याच्या थोडं वर ती अंगठी कापावी तशी गोल तुटली होती आणि उरलेली पुंगळी चेंबरमध्येच रुतली होती. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून एवढं शांतपणे लिहितोय. घरी येऊन बाकीच्या पुंगळ्या दिव्याखाली धरल्या. बहुतेकींवर पट्ट्याच्या वर एक चकाकती रेघ. कागदाची पिन सरळ केली, टोक वाकवलं आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून खालून वर ओढलं. नेमक्या त्याच जागी टोक खाचेत अडकतं. पितळ ताणून ताणून आतून पातळ झालेलं. जूनमध्ये कारखान्याची काडतुसं उडवतानाच ही रेघ उमटायला लागली असणार. मी ती पाहिली होती आणि नव्या चेंबरची खूण समजून सोडून दिली होती.

इथल्या एका जुन्या कारागिराकडे रायफल नेली. त्याने हेडस्पेस तपासायचे तिन्ही गेज (मापाचे ठोकळे) घातले. पहिल्यावर बोल्ट बंद व्हायलाच हवा, तो झाला. दुसऱ्यावर बंद होऊ नये, झाला. तिसऱ्यावर, ज्यावर बंद झाला तर रायफल वापरूच नये, त्यावरही अलगद बंद झाला. पट्ट्याच्या काडतुसात हेडस्पेसची ही जागा 0.220 ते 0.227 इंचांच्या आत असावी लागते. त्याने मोजली ती 0.231. म्हणजे ज्याने रीमर फिरवला त्याने नवा खांदा कोरून झाल्यावर थांबायचं सोडून पट्ट्याची बैठकही कोरली. नळी न काढता घाईत केलेल्या कामात दुसरं काय होणार! तो कारागीर माझ्याकडे बघून काही बोलला नाही. फक्त नळीवर बोट ठेवलं. तिथे अजून '375 एच अँड एच मॅग्नम' असंच कोरलेलं आहे. चेंबर बदलून नाव न बदलणं, ही तर साधी शिस्तीची गोष्ट. उद्या मी नसेन आणि माझा मुलगा ही रायफल कुणाला विकेल, तेव्हा घेणाऱ्याला काय कळणार?

आपल्या छापील उत्तरात म्हटलंय, की 'वाइल्डकॅट चेंबरमध्ये फक्त योग्य रीतीने घरी भरलेली काडतुसं वापरावीत. कारखान्याच्या काडतुसांची हमी नाही.' मग मार्चमधलं ते 'बिनधास्त उडवा' कुणाचं होतं? मी हे काम करायला तयार झालो ते त्याच एका वाक्यावर. कुस्कोक्विमच्या काठावरच्या दुकानात, जिथे पिठाची पिशवी आणि मासेमारीचं जाळं एकाच फळीवर असतं, तिथेही .375 एच अँड एचचा खोका सापडतो. सामान विमानातून हरवलं तरी शिकार हुकत नाही. ही सोय कायम राहील असं सांगून आपण माझ्याकडून ती काढून घेतलीत.

आणि खरंच जास्त वेग हवा होता तर मला हेही सांगता आलं असतं, की .375 वेदरबी नावाचं काडतूस 1944 पासून आहे, तीच एच अँड एचची पुंगळी फुगवून केलेलं. पण त्याची कारखान्याची काडतुसं मिळतात, मोजमापं छापलेली आहेत आणि दारूचे तक्ते तपासलेले आहेत. किंवा सरळ म्हणायचं, "काका, राहू द्या." जॉन नोस्लर 1946 मध्ये ब्रिटिश कोलंबियात .300 एच अँड एच घेऊन मूसच्या शिकारीला गेले होते. चिखलाने माखलेल्या एका नरावर त्यांच्या गोळ्या वरवरच फुटल्या. त्यांनी रायफल कोरून घेतली नाही. मध्ये आडवी भिंत असलेली नवी गोळी बनवली, आणि 1948 मध्ये ती विकायला काढली. त्या घडणीची गोळी आज कुठल्याही दुकानात मिळते. मला मूससाठी जे हवं होतं ते एका खोक्याच्या किमतीत झालं असतं.

आता दुरुस्तीबद्दल. आपण फोनवर सुचवलंत, की नळी एक आटा आत घेऊन पट्ट्याची जागा बरोबर करून देऊ. त्याने हेडस्पेस सुधारेल, पण रायफल ॲक्लीच राहील आणि काडतूस अडकणं तसंच राहील. पुन्हा एच अँड एच करायची तर रुंद कोरलेला भाग सगळा कापून टाकावा लागेल, म्हणजे नळीचे मागचे अडीच-पावणेतीन इंच गेले, आणि नळीची घडण व साइटची जागा त्यासोबत गेली. भाकरी थापताना पीठ कमी पडलं तर घालता येतं. लोखंडाचं तसं नाही. जुनी रायफल जमवणाऱ्यांच्या लेखी तिची किंमत ज्या दिवशी रीमर फिरला त्याच दिवशी उतरली, आणि त्याची भरपाई मी मागत नाही, कारण त्या कागदावर सही माझी होती.

मागतो ते एवढंच. आपल्या खर्चाने .375 एच अँड एचची नवी नळी, मूळ जाडीची आणि लांबीची, बसवून द्यावी. ती बसवताना हेडस्पेस गेजवर तपासून आकडा लेखी द्यावा आणि मॅगझिनमधून कारखान्याची काडतुसं चढवून पाहावीत. कोरण्याचे 385 डॉलर आणि आपल्याकडूनच घेतलेल्या खास डायचे (पुंगळ्यांना आकार देणाऱ्या साच्यांचे) 210 डॉलर परत करावेत. 60 काडतुसांचं मी सोडून देतो, त्यातून निदान शिकलो. जुनी नळी, जशी आहे तशी, मला परत हवी. ती मोडीत टाकू नये.

15 डिसेंबरपर्यंत लेखी उत्तर न आल्यास, गेज तपासणीच्या कागदासह हे प्रकरण माझ्या वकिलाकडे देईन. साताऱ्याच्या गृहस्थांवर माझा राग नाही. ते गोड बोलले, आणि गोड बोलण्याचाच त्यांना पगार आहे. पण पुढच्या वेळी कुणी 'करावी का' असं विचारलं, तर फोन त्यांनी वर्कशॉपमध्ये जोडून द्यावा.

आपला,
एक ग्राहक

सोबत: मूळ पावतीची प्रत, हेडस्पेस तपासणीचा कागद, पुंगळ्यांचे सहा फोटो.

ता. क. तुटलेल्या पुंगळीचं बूड वेगळ्या पाकिटात पाठवलं आहे. उरलेली पुंगळी चेंबरमधून काढायला त्या कारागिराला पाऊण तास लागला; त्याने पैसे घेतले नाहीत, खिम्याचा डबा मात्र घेतला.