कोर्टासमोर लोकांचे कागद लिहून देणाऱ्या बाँड रायटर मामांना

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार.

बीएचा निकाल लागला आणि परवा बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजात तीन वर्षांच्या एलएलबीला माझा प्रवेश झाला. गावात, येळ्ळूरला, घरोघरी पेढे देऊन झाले, पण तुमच्या हातावर नुसता पेढा ठेवून माझं भागणार नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहिलंय, कारण बारावी झाल्यावर माझ्यासारखी घुटमळणारी मुलं आपल्या भागात दर जूनमध्ये असतात.

तीन वर्षांपूर्वी माझी काय अवस्था होती ते तुम्ही पाहिलंय. वकील व्हायचं हे ठरलेलं होतं, पण त्याआधीची पदवी कुठून घ्यायची ते काही केल्या ठरेना. पुण्याला फर्ग्युसनमध्ये बीएला नाव लागलं होतं, कोल्हापूरला मावशीचं घर होतं आणि बेळगावात आरपीडी कॉलेज. मोठ्या कॉलेजचं नाव मागं नसलं तर पुढं लॉला कोण विचारणार, असं एकानं सांगितलं की पुण्याची बॅग भरायची. रात्री आजोबांचा खोकला ऐकला की ती परत रिकामी करायची. पुण्याची फी भरायला दोन दिवस उरले होते.

त्याच दिवशी आजोबांना घेऊन मी तुमच्या टेबलापाशी आले होते. जमिनीची कन्नड नोटीस आली होती. शाळेत तिसरी भाषा म्हणून मी कन्नड शिकलेली, पण पास होण्यापुरती. अक्षरं लागत होती, अर्थ लागत नव्हता. ती नोटीस आमच्या घरी देवळीत महिनाभर पडून होती. तुम्ही चष्मा कपाळावरून खाली घेतलात, कागद उन्हाकडं धरलात आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेलात. मग तारखेवर बोट ठेवून गप्प बसलात. नॅशनल हायवेसाठी जमीन घेतात तेव्हा हरकत नोंदवायला एकवीस दिवस असतात. ते उलटून गेले होते. आजोबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. तो क्षण मी विसरू शकत नाही.

आजोबा पाणी प्यायला गेले तेव्हा मी तुम्हाला माझं रडगाणं सांगितलं. पुणे की बेळगाव, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही म्हणालात, "कुठं शिकायचं ते मागनं बघू गे. पहिला सांग, वकीलपत्र कुणाचं घेणार?"

मला उत्तर आलं नाही. तोवर मी फक्त स्वतःचाच विचार करत होते.

मग तुम्ही वाया गेलेल्या बाँड पेपरच्या पाठीवर लिहून दिलंत. तो कागद माझ्याकडं आहे. बारावीनंतर थेट लॉ केलं तर पाच वर्षं. आधी पदवी घेतली तर तीन आणि तीन, सहा. तीन वर्षांच्या एलएलबीला कुठल्याही शाखेची मान्य पदवी चालते, खुल्या गटाला ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रात जायचं तर सीईटीचे गुण बघणार, इथं पदवीचे. वकिलीची सनद एकदा मिळाली की देशात कुठंही उभं राहता येतं. खाली तुम्ही लिहिलं होतंत, "कॉलेजच्या नावाला वेगळे मार्क नाहीत." ती ओळ वाचून किती दिवसांनी मी पोटभर जेवले, हे आई तुम्हाला सांगेल.

राजा लखमगौडा लॉ कॉलेज १९३९ सालचं, आणि १९८९ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या तिथं शिकलेले, हेही तुम्हीच सांगितलंत. बेळगावात राहणं म्हणजे मागं पडणं, ही माझ्या मनातली गाठ तेव्हा सुटली.

पण खरी गोष्ट तुम्ही दुसऱ्या दिवशी दाखवलीत. एका गिऱ्हाईकाची कागदांची पिशवी माझ्यापुढं मोकळी केलीत. वरचे जमिनीचे उतारे कन्नड. खालचे, मुंबई राज्यातले, मराठी. आणि तळाला दुमडून पिवळा पडलेला एक मोडी कागद. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलो, हे मी सभांमधून, भाषणांमधून ऐकलं होतं. एकाच शेताच्या कागदांत ती तारीख अशी दिसते हे त्या दिवशी कळलं. "अर्धं वाचणारे पुष्कळ हैत," तुम्ही म्हणालात, "सगळी पिशवी वाचणारा वकील शोधावा लागतोय."

सीमाप्रश्नावर माझ्या घरचं मत काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. माझंही तेच आहे. पण खालच्या कोर्टात कागद कन्नडात येतो, आणि तो वाचता आला नाही तर नुकसान आपल्याच माणसाचं होतं. कन्नड शिकणं म्हणजे मराठी सोडणं नव्हे, हे मला भाषण न देता समजावलंत.

आरपीडीत पहिल्या सेमिस्टरला मन पुन्हा उचल खात होतं. मैत्रिणी पुण्याहून फोटो पाठवायच्या आणि मी विचारायला यायचे, अजून बदलता येईल का? तुम्ही एकदाही रागावला नाहीत. एक कन्नड उतारा पुढं सरकवायचात, "नाव कुणाचं हाय, कर्जाचा बोजा किती, सांग." पहिल्यांदा मला अर्धा तास लागला. दिवाळीनंतर पाच मिनिटं. त्यानंतर तो प्रश्न घेऊन मी आले नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

तीन वर्षं दर शनिवारी टेबलाच्या कडेला मला स्टूल दिलंत. एक पैसा घेतला नाहीत, उलट चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. मामा, मी मनापासून तुमची ऋणी आहे.

आजोबांची ती नोटीस अजून देवळीतच होती. प्रवेश झाला त्या रात्री मी ती काढली आणि पहिल्या ओळीपासून सही-शिक्क्यापर्यंत त्यांना मराठीत वाचून दाखवली. जमीन गेलेलीच आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत एकदा वाच."

शनिवारी येते. मोडीची वही घेऊन येते.

तुमची,
येळ्ळूरची भाची