स्थानकाचे रूपांतर झाले, पण कशात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पहिल्या पानावर ‘बसस्थानकाचे रुपांतरण पूर्ण’ असा मथळा आहे. खाली बातमीत काय, तर फरशी बदलली, रंग दिला, बाकडी आणि फलक नवे बसवले. मग स्थानकाचे रूपांतर झाले कशात? गाड्या अजून तिथेच लागतात.

‘रूपांतर’ म्हणजे दुसरे रूप. समासाच्या शेवटी येणारे हे ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरे’. वेषांतर, भाषांतर, धर्मांतर, सगळीकडे तेच. पहिले जाते आणि त्याच्या जागी दुसरे येते. म्हणून या शब्दाला कशाचे आणि कशात, दोन्ही सांगावे लागते: दुधाचे दह्यात, सुरवंटाचे फुलपाखरात, चुनखडीचे संगमरवरात. भोगवटादार वर्ग २ ची जमीन वर्ग १ मध्ये रूपांतरित होते हेही बरोबर, कारण सातबाऱ्यावर जुना वर्ग उरत नाही. ‘कशात?’ला उत्तर नसेल तिथे हा शब्द घालू नये. स्थानकाचे झाले ते नूतनीकरण. तेच स्थानक ओळखू येईनासे झाले असते, तर ‘कायापालट’ म्हणता आले असते. तोही ‘स्थानकाचा’, ‘स्थानकाचे’ नव्हे.

याला कुणी शब्दांचा कीस म्हणू नये. १९७८ साली विधिमंडळाने ठराव केला तो मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा. १४ जानेवारी १९९४ रोजी झाला तो नामविस्तार: ‘मराठवाडा’ राहिले, बाबासाहेबांचे नाव त्याआधी आले. या सोळा वर्षांत माणसे जिवानिशी गेली. ‘अंतर’ आणि ‘विस्तार’ यांत काय फरक आहे, हे महाराष्ट्राला नव्याने सांगावे लागू नये.

शेवटचा ‘ण’ही अनावश्यक आहे. हिंदीत ‘धर्मांतरण’ म्हणतात, मराठीत धर्मांतर. क्रिया दाखवायला आपल्याकडे ‘करणे’ आणि ‘होणे’ आहेत, आणि कुणी केले की आपोआप झाले, तेही त्यातून कळते. ‘रू’ दीर्घच हवा, कारण मूळ शब्द ‘रूप’ आहे. ऱ्हस्व ‘रु’ रुपयातला. बातमीत पुढे ‘रुपांतरीत’ आहे, म्हणजे एका शब्दात दोन चुका. ‘संकलित’, ‘आधारित’ यांच्यासारखाच ‘रूपांतरित’मधला ‘रि’ ऱ्हस्व.

त्याच पानावर उद्यानाच्या बातमीत ‘सुशोभिकरण’ तीनदा छापले आहे. तिथे ‘भी’ दीर्घ हवा, नूतनीकरणातल्या ‘नी’सारखा.

– एक मुद्रितशोधक, सातारा