मत एक नाही, तीन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नगरपरिषदेची निवडणूक लागली की वर्तमानपत्रांत नगराध्यक्षपदाच्या लढतीला अर्धं पान मिळतं आणि नगरसेवकपदाच्या उमेदवारांची नुसती जंत्री छापली जाते, तीही बारीक टायपात. मतदान केंद्रात गोंधळ होतो तो नेमका या जंत्रीपाशी.

नगरपरिषदेत प्रभाग सहसा दोन सदस्यांचा असतो. म्हणजे मतदाराला तीन मतं द्यायची असतात : एक नगराध्यक्षाला, एक प्रभागाच्या ‘अ’ जागेला, एक ‘ब’ जागेला. सदस्यसंख्या विषम असेल तर एक प्रभाग तिघांचा होतो, तिथे चार मतं. नगरपंचायतीत प्रभागाला एकच सदस्य, म्हणून तिथे दोनच.

‘अ’ आणि ‘ब’ म्हणजे पहिली पसंती आणि दुसरी पसंती, असा समज अजून पुष्कळांचा आहे. तसं अजिबात नाही. या दोन स्वतंत्र निवडणुका आहेत, आरक्षणही वेगळं. ‘अ’मध्ये पडलेल्या उमेदवाराला ‘ब’च्या विजेत्यापेक्षा जास्त मतं असू शकतात, तरी तो पडलेलाच. ‘अ’मधले दोघे आवडले म्हणून दोन्ही मतं तिथे देता येत नाहीत.

मतदार नगराध्यक्षाचं बटण दाबतो, दिवा लागतो, काम झालं समजून वळतो. लांब बीप वाजलेला नसतो, कारण तो सगळ्या जागांची मतं झाल्यावरच वाजतो. उमेदवार जास्त असले की बॅलट युनिट एकाहून जास्त मांडावी लागतात आणि शेजारच्या युनिटकडे बघायचंच राहून जातं. कर्मचारी मागून हाक मारतात, रांग खोळंबते, म्हातारी माणसं बावरतात. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्याच जागेखालचं ‘नोटा’ दाबायचं. नोटा प्रत्येक जागेला वेगळं असतं. आणि या निवडणुकांत व्हीव्हीपॅट, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, नसतं, त्यामुळे चिठ्ठीची वाट बघत थांबू नये.

दुसरा घोळ यादीचा. राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी करत नाही. विधानसभेची यादी घेऊन प्रभागांत फोडतो. 2 डिसेंबर 2025च्या मतदानासाठी 1 जुलै 2025 रोजीची यादी धरली होती. ऑगस्टमध्ये नाव नोंदवून नवं ओळखपत्र खिशात घेऊन आलेल्या तरुणाचं नाव त्यात सापडणार कुठून? प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हाही नवीन नाव घालता येत नाही. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव, किंवा विधानसभेच्या यादीत असून प्रभागाच्या यादीतून गळलेलं नाव, एवढंच दुरुस्त होतं. गल्लीच्या मधून प्रभागाची हद्द जाते तिथे समोरासमोरची घरं हमखास उलटसुलट होतात. हरकतीची मुदत थोड्या दिवसांची असते. मतदानाच्या सकाळी केंद्राध्यक्षाशी भांडून काही हाती लागत नाही.

नगरसेवकपदासाठीच्या मताला एवढं महत्त्व का, हेही लिहायला हवं. नगराध्यक्षाची थेट मतदारांकडून निवड 2020 मध्ये रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. थेट निवडून आले तरी नगराध्यक्ष एकट्याने ठराव करू शकत नाहीत. सभेत बहुमत लागतं, निर्णायक मत चालतं ते समसमान मतं पडली तरच. नगराध्यक्ष एका गटाचे आणि सभागृह दुसऱ्याचं असं झालं की पाण्याच्या योजनेची फाइलसुद्धा सभेच्या विषयपत्रिकेवर लोळत पडते. मतदारांनीच तसं ठरवून केलं असेल तर तक्रार नाही. पण पुष्कळदा ते ‘ब’चं बटण न बघता दाबल्यामुळे होतं.

तेव्हा उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपली की प्रत्येक प्रभागाची ‘अ’ आणि ‘ब’ची नावं वेगवेगळ्या चौकटीत, मतपत्रिकेवरच्या क्रमाने आणि चिन्हासह छापावीत, ही विनंती. नगराध्यक्षांच्या मुलाखती एक दिवस पुढे गेल्या तरी चालेल.

आपले,
काही वाचक